हामानच्या पुढचा शब्द

पत्र्याचा बिस्किटाचा डबा आणि त्यात मूठभर सुके वाटाणे. सातेक वर्षांच्या मुलाने तो डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवला होता आणि पहिले दोन अध्याय होईपर्यंत आतला एक दाणाही वाजू दिला नव्हता. मुंबईतल्या एका सिनेगॉगमधली, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळातली, पुरिम या सणाची संध्याकाळ. एस्तेरचा उपास अजून सुटलेला नाही, पंखे मुद्दाम हळू केलेले, आणि उघड्या खिडकीतून गल्लीत रचून ठेवलेल्या होळीच्या लाकडांचा, शेणींचा वास आत येतोय. एस्तेरची पोथी वाचणारा हझान तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीशी पोचला. ‘हामान’ हे नाव त्याच्या तोंडातून पुरतं बाहेर पडतंय न पडतंय तोच डबा कडाडला. मागोमाग पाय, बाकं, टाळ्या. गलका ओसरला, वाचन पुढे सरकलं. मुलाशेजारच्या आजोबांनी मात्र हातातल्या पुस्तकावर बोट टेकवलं, ओठांतल्या ओठांत एक शब्द म्हटला आणि मग घाईघाईने हझानला गाठलं. मुलाने बाही ओढली, तर त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. वाचन चालू असताना बोलायचं नसतं. सगळं संपल्यावर, उपास सोडायला खजूर हातात घेताना मुलाने विचारलंच, “आजोबा, मघाशी काय म्हणालात?”

“एक शब्द राहिला होता रे.”

“मला तर हामान ऐकू आला.”

“तो सगळ्यांनाच ऐकू येतो.”

पुरिमच्या दोन गोष्टी अशा एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत. हामान हा इराणच्या राजाचा मंत्री; त्याने सगळ्या यहुद्यांना मारायचा बेत केला होता आणि राणी एस्तेर व तिचा नातेवाईक मर्दखय यांनी तो उधळला. त्याचं नाव पुसून टाकायचं, म्हणून ते उच्चारलं की गोंगाट करायचा. आणि मेगिल्लाचा, म्हणजे एस्तेरच्या गुंडाळीचा, शब्दन् शब्द ऐकायचा. दहा अध्याय आणि त्यांत हामानचं नाव ५४ वेळा. दर वेळी नुसते दहा सेकंद धरले तरी नऊ मिनिटं निव्वळ कल्लोळाची होतात. बाकी वाचन अर्ध्या-पाऊण तासाचं. त्या नऊ मिनिटांच्या कडेकडेला जे शब्द आहेत ते धोक्यात. मुलं नाव ऐकून वाजवत नाहीत, नाव येणार असं वाटलं की वाजवतात, आणि थांबायचं कुणीतरी डोळे वटारल्यावरच. म्हणून जाणता हझान घाई करत नाही. शेवटचा खुळखुळा शांत होईपर्यंत थांबतो, शंका आली तर नावापासून पुन्हा उचलतो. काही ठिकाणी तो आधीच सांगून ठेवतो की हात वर केला की वाजवायचं, खाली आणला की बंद. काही समाजांत तर हामानच्या नावाबरोबर त्याच्या बापाचं नाव किंवा एखादं बिरूद येईल तिथेच आवाज करतात, बाकीच्या वेळी नाही. त्यामुळे ५४ चे जेमतेम काही उरतात. मुलांचा विरस होतो, पण वाचन ऐकू येतं.

तरी शब्द सुटतोच. सुटला तर हातातल्या छापील पुस्तकातून तो आपण वाचायचा आणि हझान फार पुढे जायच्या आत त्याला गाठायचं. ही सवलत थोडक्या शब्दांपुरतीच आहे, बहुतेक भाग शुद्ध गुंडाळीतूनच कानावर पडायला हवा. म्हणून अनुभवी माणसं एका हातात पुस्तक धरतात, बोट ओळीवरून सरकत ठेवतात, आणि गोंगाटाला पाय वापरतात. ज्याचे दोन्ही हात खुळखुळ्यात गुंतलेत त्याचा शब्द गेला तो गेलाच. जुन्या सिनेगॉगमध्ये बायका वरच्या सज्जात बसतात. मेगिल्ला ऐकण्याचं बंधन त्यांच्यावर पुरुषांइतकंच आहे, कारण त्या संकटातून त्याही वाचल्या होत्या; शिवाय गोष्टच एस्तेरची. पण गलका छताला आपटून त्यांच्याच कानात जातो आणि हझानचा आवाज खाली राहतो. मग माईक का लावत नाहीत, असं नवखा माणूस हमखास विचारतो. पुरिमला शब्बाथसारखी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासारखी, विजेची मनाई नाही, दिवा लावा, चूल पेटवा, सगळं चालतं. अडचण वेगळीच आहे. कर्ण्यातून येतो तो माणसाचा आवाज की त्याची नक्कल, यावर जाणत्यांचं एकमत नाही. मग कशाला वाद? हझानने घसा खाकरावा आणि पंखे हळू करावेत. मार्चच्या उकाड्यात, उपाशीपोटी.

गुंडाळी मात्र स्वतः बरीच सोशिक असते. तोराच्या, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत एक अक्षर तुटलं तरी ती दुरुस्त होईपर्यंत वाचायला बाद. मेगिल्लाचं तसं नाही. आरंभ आणि शेवट शाबूत असेल, मधली एखादी सबंध हकीकत गळालेली नसेल, तर अडचणीच्या वेळी निम्म्याच्या आत अक्षरं पुसट किंवा गायब असली तरी चालवून घेतात, हझानने तेवढं पाठ म्हणावं. कोकणच्या दमट हवेत ही सवलत फार मोलाची. चामडं पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि वरची शाई कधीतरी पापुद्र्यासारखी सुटून येते. कपाटात कापूर ठेवा, कापडात गुंडाळा, समुद्र आपलं काम करतोच. म्हणजे लिहिणाऱ्याचा, जपणाऱ्याचा हात चुकला तर माफी आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला तेवढी नाही. हा उलटा न्याय आधी विचित्र वाटतो. पण हे मुळात सगळ्या प्रांतांना धाडलेलं पत्र आहे, आणि पत्राचा कागद फाटका निघाला तरी मजकूर पोचला म्हणजे झालं. वाचायच्या आधी हझान ती गुंडाळी तोरासारखी दोन्हीकडून गुंडाळत नेत नाही, सबंध उलगडून पत्राच्या घडीसारखी एकाखाली एक दुमडून ठेवतो. शेवटच्या आशीर्वादाआधी पुन्हा गुंडाळतो. नवशिक्या वाचकाची घडी मध्येच सटकते आणि सातवा अध्याय जमिनीकडे निघतो, तेव्हा पहिल्या बाकावरचे चार हात एकदम पुढे येतात.

त्या चामड्यावर फक्त व्यंजनं असतात. स्वर नाहीत, सुराच्या खुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत. सगळं पाठ हवं. आणि चूक झाली तर सगळ्या चुका सारख्या नाहीत. उच्चार जरा घसरला पण अर्थ तोच राहिला तर पुढे चला. अर्थ हलला तर मागे या. मर्दखय राजाच्या दाराशी ‘योशेव’ असतो, म्हणजे बसलेला. ‘याशव’ म्हटलं तर तो ‘बसला’. लिहिलेली व्यंजनं तीच, पण बसून असलेला माणूस आणि नुकताच टेकलेला माणूस यांत फरक आहे. तसंच एस्तेरच्या आसनावर हामान ‘नोफेल’, म्हणजे पडत असतो. ‘नाफल’ म्हटलं तर पडून मोकळा. राजा आत येतो तेव्हा तो पडत असतानाच दिसायला हवा, सगळी गंमत त्यातच आहे. असा शब्द चुकला की खालून दोन-तीन म्हातारे एकदम दुरुस्ती फेकतात, तीही जरा जास्तच उत्साहाने.

मग येतात हामानचे दहा मुलगे. नवव्या अध्यायात त्यांची नावं गुंडाळीत दोन उभ्या रांगांत लिहिलेली असतात. उजवीकडे नाव, डावीकडे ‘आणि’ अशा अर्थाचा शब्द, नावाखाली नाव, ‘आणि’खाली ‘आणि’. कुठलाही गवंडी अशी भिंत बांधणार नाही. सांध्यावर वीट बसवतात, सांध्याखाली सांधा आला तर भिंत उभी फाटते. इथे ती फाटावी म्हणूनच तशी रचलेली आहे. शेवटच्या नावातलं ‘वाव’ हे अक्षर फाशीच्या खांबासारखं लांब ताणलेलं. आणि ही दहाही नावं एका श्वासात म्हणायची, कारण सगळे एकदमच गेले. अनुभवी हझान आधीच्या ‘पाचशे माणसं’ या शब्दांपूर्वी छाती भरून घेतो, कारण तेही त्याच श्वासात घ्यायचे असतात. जो नेमका पहिल्या नावापाशी श्वास घ्यायला जातो, त्याचा सातव्याला जीव कासावीस होतो. या वेळी कुणी वाजवत नाही. दहा-बारा सेकंद पूर्ण शांतता, आणि एक माणूस लाल होत चाललेला.

पहिल्याच ओळीत आपला देश आहे. अहश्वेरोश राजाचे १२७ प्रांत ‘मेहोदू वेअद कूश’, होदूपासून कूशपर्यंत. होदू म्हणजे सिंधूचा मुलूख. सबंध हिब्रू पवित्रशास्त्रात हे नाव फक्त याच पुस्तकात येतं, इथे आणि पुढे आठव्या अध्यायात. त्या प्रांतात तेव्हा अलिबाग-रेवदंडा काही येत नव्हतं. इराणच्या राजाला नवगावचा किनारा माहीत असायचं कारण नाही. पण ‘होदू’ ऐकलं की बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, सिनेगॉगमध्ये बाकांवर एक बारीकशी हालचाल होते. आपलं नाव पुकारल्यावर होते तशी. लहान मुलांना तिथेही वाजवायचं असतं, मोठे अडवतात.

बाकीचं किती जणांना कळतं? खरं सांगायचं तर फार थोड्यांना. कानावर हिब्रू पडतं आणि मनात मराठी चालू असतं, बऱ्याच घरांत पिढ्यान् पिढ्या हेच. इथे धर्मशास्त्र मोठं गमतीचं आहे. ज्याला हिब्रू येत नाही त्याने हिब्रू मेगिल्ला ऐकली तरी कर्तव्य पुरं होतं. आणि दुसऱ्या भाषेत लिहिलेली गुंडाळी असेल, तर ती भाषा जाणणाऱ्याला त्याच भाषेत ऐकता येते. म्हणजे नियमाच्या दृष्टीने मराठीतली मेगिल्लाही अशक्य नाही. चामडं घ्या, रेघा आखा, शाईने लिहा. तरी कुणी लिहीत बसत नाही, कारण सगळ्या शब्दांचा अर्थ कुणाला ठाऊक आहे? आठव्या अध्यायात राजाचे जासूद ‘अहश्तेरानीम बने हारम्माखीम’ अशा कशावर तरी बसून दौडत जातात. खेचरं, सांडणी, घोडीची शिंगरं, भाषांतरकार आपापल्या परीने जनावर निवडतात. तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातले पंडितच म्हणून गेलेत की याचा अर्थ आम्हाला तरी कुठे कळतो, पण आम्ही वाचतो आणि आमचं चालतं. तिथे पहिल्या बाकावरचा हिब्रूचा जाणकार आणि शेवटच्या बाकावरचा वाटाण्यांचा डबा एका पातळीवर येतात.

कोकणातल्या जुन्या लोकांनी पुरिमला पुरिम म्हटलंच नाही. ‘होळीचा सण’ म्हटलं. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा या नावांच्या रांगेतलंच ते एक. सिनेगॉगला तरी सिनेगॉग कुठे म्हणत होते. मांडवीतल्या १७९६ च्या सिनेगॉगचं घरगुती नाव ‘जुनी मशीद’. होळीचा सण हे नाव मात्र नुसतं शेजारधर्माचं नाही, त्यात पंचांगही आहे. यहुदी अदार महिन्याची चौदावी तिथी म्हणजे पौर्णिमेचा उंबरठा, आणि फाल्गुनी पौर्णिमाही त्याच सुमाराला. चांद्रमास दोघांचेही, अधिक महिना दोघांकडेही. यहुदी पंचांगात तो १९ वर्षांत ठरलेल्या ७ वेळा येतो, आपल्याकडे साधारण दर ३२-३३ महिन्यांनी. पण दोघांचे अधिक एकाच वर्षी येतीलच असं नाही. म्हणून २०२१ मध्ये पुरिम २६ फेब्रुवारीला होऊन गेला आणि होळी २८ मार्चला पेटली. २०२५ मध्ये मात्र १३ मार्चच्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये मेगिल्ला आणि गल्लीत होळी, आणि १४ तारखेला सकाळच्या वाचनाला निघालेली माणसं धुळवडीतून वाट काढत आलेली. पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी पंजा घेऊन कुणी आत आलं तर त्या दिवशी कुणी वळून बघत नाही. पुरिमला सोंगं घ्यायची चालच आहे.

पुरणपोळी दोन्हीकडे. पुरण कसं शिजवायचं हे मराठी माणसाला सांगणं म्हणजे आगाऊपणाच. फरक तेवढा सांगतो. पुरिमचं जेवण दिवसा असतं आणि त्यात बहुधा मटण असतं. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. म्हणजे पोळीवर तूप नाही, तव्यावर तूप नाही, कणकेच्या मोहनातही नाही, आणि वाटीत दूध तर नाहीच. तेलाची पोळी करायची आणि बरोबर नारळाचं दूध, गूळ-वेलची घातलेलं. तेलाची पोळी तुपासारखी फुलत नाही, गार झाली की कडेला चिवट होते. म्हणून कणीक जास्त सैल भिजवून तेलात चांगली तिंबावी लागते. दुसरी अडचण वेळेची. पुरण आदल्या दिवशी घाटायचं तर तो दिवस एस्तेरच्या उपासाचा. चाखणं टाळायचं असतं, म्हणून गोडाचा अंदाज जिभेवर सोडत नाहीत, काट्यावर मोजतात. अर्धा किलो डाळीला अर्धा किलो गूळ, आणि जायफळ किती ते नाकाने ठरवायचं. सिनेगॉगसाठी सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र असेल आणि पीठ सव्वा किलोच्या आसपास गेलं, तर पोळ्या लाटण्याआधी कणकेचा एक छोटा गोळा वेगळा काढून जाळायचा. पावणेदोन किलोच्या घरात गेलं तर आशीर्वादही म्हणायचा. हे नेमकं विसरतं, कारण घरच्या अर्धा किलोला कधी लागलेलं नसतं. मग निम्म्या पोळ्या झाल्यावर कुणाला तरी आठवतं आणि उरलेल्या कणकेवर, झालेल्या पोळ्यांवर धावाधाव. पुरिम शुक्रवारी आला तर जेवण दुपारच्या आत उरकावं लागतं, संध्याकाळी शब्बाथ. ‘हामानला शाप आणि मर्दखयला आशीर्वाद यांतला फरक कळेनासा होईपर्यंत पी’ असं या दिवसाचं वचन आहे खरं. पण बेने इस्राएल घरांत किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळलेलं शरबत असतं. तेवढ्याने फरक कळेनासा व्हायचा असेल तर पिंपच लागेल.

पुरिमला एकमेकांना खाण्याचे डबे पोचवायचे असतात, तेही दिवसाच. एका माणसाला दोन वेगवेगळे खाण्याचे पदार्थ, तयार, उघडला की खाता येईल असे. कच्ची डाळ नाही, पैसे नाहीत. आदल्या रात्री डबा दिला तर तो प्रेमाचा झाला, पुरिमचा नाही. दोन गरिबांना दान वेगळं, आणि त्या दिवशी हात पुढे करेल त्याला द्यायचं, चौकशा करायच्या नाहीत. मध्ययुगातला धर्मपंडित मायमोनिदेस याने सांगून ठेवलंय की हात सैल सोडायचाच तर स्वतःच्या पंगतीपेक्षा, डब्यांपेक्षा इथे सोडावा. मजा अशी की होळीच्या दिवशी शेजारच्या घरातूनही पुरणपोळीचा डबा येतो. आपला डबा गेला, त्यांचा आला, दोन्हींत तेच. त्यांची तुपाची. ती मटणाच्या जेवणानंतर लगेच खाता येत नाही, फडताळात झाकून ठेवतात आणि घरातली लहान माणसं तासन् तास फडताळाकडे बघत बसतात.

गोंगाटाला माणसं लागतात. मेगिल्ला एकट्यालाही वाचता येते, पण शेवटचा आशीर्वाद म्हणायचा तर मिन्यान हवा, दहा पुरुष. कोकणातल्या कितीतरी सिनेगॉगमध्ये ते दहा जुळवताना फोनाफोनी करावी लागते, कारण घरंच्या घरं इस्राएलमधल्या लोद, अश्दोद, बेर्शेबा, दिमोनाला गेली. तिकडेही सगळं सरळ झालं नाही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. आई कोण, आजी कोण, त्यापलीकडे कोण, जिथवर माग लागेल तिथवर. नाव-गाव-कर एवढीच ज्यांची वंशावळ, त्यांनी कागद कुठून आणायचे? लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने आणि संसदेने म्हटलं की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. आज त्या गावांत पुरिमला गर्दीही असते आणि पुरणपोळीही. इथे रिकाम्या बाकांमुळे एक डबासुद्धा सबंध सभागृह भरून टाकतो. आवाज मोठा वाटतो, तो माणसं कमी म्हणून.

त्या ओळीकडे पुन्हा यायला हवं. तिसऱ्या अध्यायाची पहिली ओळ, हामानचं नाव पहिल्यांदा येतं ती. हिब्रूत शब्दांचा क्रम असा: ‘हामान बेन हम्मदाथा हाअगागी’. हामान, मुलगा, हम्मदाथाचा, अगागी. नावावर डबा वाजला की त्याच्या मागे उभा असलेला ‘बेन’ सापडतो आणि चिरडतो. मराठीत हे होणारच नव्हतं. मराठीत बाप आधी येतो: अगागी हम्मदाथाचा मुलगा हामान. नाव अगदी शेवटी, त्याच्यानंतर खुशाल काय वाजवायचं ते वाजवा, मुलगा केव्हाच ऐकू येऊन गेलेला. ‘बेन’ म्हणजे मुलगा. त्याचंच अनेकवचनी रूप ‘बेने’, ज्या शब्दाने या लोकांचं स्वतःचं नाव सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पुन्हा आला. त्याच्या झाकणावर हिरव्या रंगाची पाच बोटं उमटली होती. रात्री घरी जाताना जिन्यात मुलाचं आणि आजोबांचं काहीतरी बोलणं झालं असावं, कारण हझान तिसऱ्या अध्यायाशी आला, ‘हामान’ म्हणाला, पुढच्या दोन बाकांवर पाय आपटले गेले, आणि डबा गप्प राहिला. मुलाचे ओठ हलत होते. तो मोजत होता. बेन, हम्मदाथा, हाअगागी. मग वाजवला.